फ्लॅट बघायला गेलं की कानावर पडणारे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गेल्या काही वर्षांत ओळखीपाळखीच्या लोकांनी घर घेताना, विकताना किंवा भाड्याने देताना मला विचारलेले आहेत. मी वकील नाही. काही वर्षं सोसायटीची सेक्रेटरीगिरी केली आणि त्या नादात करारनामे वाचायची सवय लागली, इतकंच. सगळी माहिती महाराष्ट्रापुरती आहे. दुसऱ्या राज्यात कागदांची नावं आणि दर दोन्ही बदलतात.

कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप यांत नेमका फरक काय?

यातल्या एकाच शब्दाला रेरात, म्हणजे 2016 च्या रिअल इस्टेट (नियमन आणि विकास) कायद्यात, व्याख्या आहे, तो म्हणजे कार्पेट. त्यानुसार कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरण्याजोगी जागा. खोल्यांमधल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांची पोकळी), तुमच्या एकट्याच्या वापरातली बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणजे ‘गालिचा अंथरता येईल तेवढी जागा’ ही जुनी व्याख्या आता तंतोतंत लागू होत नाही, कारण आतल्या भिंतींवर गालिचा कोण अंथरणार?

बिल्ट-अप म्हणजे बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरून होणारं क्षेत्र. सुपर बिल्ट-अप किंवा ‘सेलेबल’ म्हणजे त्यावर जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाउस यांतला तुमचा वाटा चढवून काढलेला आकडा. हा वाटा किती, हे बिल्डर स्वतः ठरवतो. त्यालाच बोलीभाषेत लोडिंग म्हणतात.

एक हिशोब करून बघू. कार्पेट 650 चौरस फूट आहे आणि लोडिंग 40 टक्के. सेलेबल झालं 910. भाव सांगितला 8,000 रुपये फूट, किंमत झाली 72 लाख 80 हजार. आता हीच किंमत 650 ने भागा: 11,200 रुपये फूट. शेजारच्या प्रकल्पात कोणी थेट ‘कार्पेटवर 10,800’ म्हणत असेल तर तो महाग वाटतो, पण पडतो स्वस्त. दोन घरांची तुलना करायची तर एकूण किंमत भागिले रेरा कार्पेट हा एकच आकडा कामाचा आहे.

करारनाम्यात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. चौरस मीटरला 10.764 ने गुणलं की चौरस फूट मिळतात. वरचं 650 फुटांचं घर करारात 60.39 चौरस मीटर असं दिसेल. मीटरचा आकडा लहान वाटतो म्हणून लोक तो वाचतच नाहीत. करारात खरा आकडा मात्र तोच असतो.

मग एफएसआय म्हणजे काय? तोही चटईच ना?

गोंधळ साहजिक आहे. सरकारी मराठीत कार्पेटला ‘चटई क्षेत्र’ म्हणतात आणि एफएसआयला ‘चटई क्षेत्र निर्देशांक’. दोन्हींत चटई असली तरी गोष्टी वेगळ्या. एफएसआय हे भूखंडाचं आणि बांधकामाचं गुणोत्तर आहे. 1,000 चौरस मीटरच्या भूखंडावर एफएसआय 2 असेल तर सगळे मजले मिळून 2,000 चौरस मीटर बांधता येतं. टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. रस्त्यासाठी किंवा आरक्षणासाठी एखाद्याने जमीन सोडली तर मोबदल्यात त्याला बांधकामाचा हक्क मिळतो, आणि तो हक्क विकत घेऊन दुसऱ्या भूखंडावर वापरता येतो.

फ्लॅट घेणाऱ्याला यात पडायचं कारण एकच. ‘शिल्लक एफएसआय आणि भविष्यात मिळणारा एफएसआय वापरण्याचा हक्क बिल्डरकडे राहील’ अशा अर्थाचं एखादं वाक्य करारात दडलेलं असतं. आज सात मजल्यांची दिसणारी इमारत उद्या अकरा मजल्यांची होऊ शकते, आणि बागेच्या जागी दुसरी विंगही उभी राहू शकते. त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि वकिलाला दाखवा.

महारेराचा नंबर आहे म्हणजे प्रकल्प सुरक्षित आहे का?

महारेरा म्हणजे रेरा कायद्याखालचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण. त्याचा नंबर आहे म्हणून प्रकल्प सुरक्षित आहे असं नाही. प्रकल्पाची माहिती उघड आहे, एवढं नक्की. भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर नोंदणी सक्तीची आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले 70 टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते जमीन व बांधकाम यांच्याच खर्चासाठी वापरता येतात. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातींवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला. तो स्कॅन करून संकेतस्थळावर दोन गोष्टी तरी बघाच: ताब्याची मूळ तारीख काय होती आणि ती कितीदा पुढे ढकलली आहे. सेल्समन सांगतो ती तारीख आणि तिथली तारीख यांत वर्षभराचा फरक निघणं मला आता नवीन राहिलेलं नाही.

बुकिंगला किती पैसे द्यावेत? विसारपावती पुरते का?

नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ‘आधी 20 टक्के भरा, मग अ‍ॅग्रीमेंट करू’ असं कोणी म्हणालं तर तो कायद्याविरुद्ध बोलतोय. विसारपावती किंवा अलॉटमेंट लेटर म्हणजे बोलणी झाल्याचा पुरावा, घर तुमचं झाल्याचा नाही.

साठेखत आणि खरेदीखत एकच का?

नाही. साठेखत म्हणजे अमुक अटींवर विकण्याचा करार. खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचा बिल्डरबरोबर जो नोंदवतात तो करारनामा पहिल्या जातीचा, आणि महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क त्याच वेळी भरून घेतात. रीसेलमध्ये कधी आधी साठेखत आणि कर्ज मंजूर झाल्यावर खरेदीखत होतं, तर कधी एकदम खरेदीखत. दस्त नोंदवल्यावर जो उतारा मिळतो तो इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन. कोणी, कोणाला, केवढ्याला आणि कोणती मिळकत दिली हे त्या एका पानावर असतं. बँक, सोसायटी, महापालिका सगळे तेच पान मागतात, त्यामुळे चार प्रती काढून ठेवा.

रेडी रेकनर म्हणजे सरकारने ठरवलेला भाव का?

सरकारने कर मोजण्यासाठी ठरवलेला भाव. कागदावरचं नाव वार्षिक मूल्यदर तक्ता. तुमची कराराची किंमत आणि या तक्त्याप्रमाणे येणारी किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं. मुंबईत मेट्रो अधिभार धरून ते 6 टक्के, घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर 1 टक्का कमी. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 रुपयांच्या वर नाही.

याशिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी असतो: साधारणपणे 5 टक्के, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या घराला 1 टक्का. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, त्याबद्दल पुढे) मिळाल्यानंतर पूर्ण झालेलं घर घेतलं तर जीएसटी नाही. 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावाने आधीच कापलेला आयकर, कापून भरायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची असते. पहिल्यांदा घर घेणारे हे हमखास विसरतात आणि मग नोटीस आल्यावर धावपळ करतात.

सीसी, आयओडी, ओसी… या अक्षरांचा क्रम काय?

मुंबईत आधी आयओडी. त्याचं पूर्ण नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे शब्दशः नामंजुरीची सूचना! पण हातात असते ती मंजुरीच, अटींची यादी जोडलेली: या अटी पाळल्या नाहीत तर नामंजूर, असा उलटा हिशोब. त्यानंतर सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचं प्रारंभ प्रमाणपत्र. ते टप्प्याटप्प्यानेही मिळतं. सीसी दहाव्या मजल्यापर्यंत असताना चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला काढलेला असू शकतो. म्हणून ‘सीसी आहे का’ एवढ्यावर न थांबता ‘माझ्या मजल्यापर्यंत आहे का’ असं विचारा.

शेवटी ओसी, भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि राहायला योग्य आहे, असं महापालिकेने लिहून दिलेला हा कागद. तो नसताना राहायला जाणं बेकायदेशीर आहे, आणि तरीही हजारो कुटुंबं तशी राहतात, कारण भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरणं जमत नाही. यातूनच ‘फर्निचरसाठी ताबा’ नावाची पळवाट निघाली: किल्ल्या आत्ता घ्या, सुतारकाम उरका, ओसी आलीच म्हणून समजा. सोबत ताबापत्रावर सही मागतात. ती सही झाली की बिल्डरच्या दृष्टीने ताबा वेळेत दिलेला असतो आणि उशिराच्या व्याजाचा तुमचा दावा लुळा पडतो. ओसीची प्रत हातात घेतल्याशिवाय ताबापत्रावर सही करू नका.

पार्ट ओसी म्हणजे काही विंगांना किंवा मजल्यांना मिळालेली. तुमचा मजला त्यात आहे ना, ते वाचा.

कन्व्हेयन्स झालं नाही तर काय बिघडतं? घर तर आमच्या नावावर आहे.

फ्लॅट तुमचा, पण त्याखालची जमीन? अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, होईपर्यंत जमिनीच्या कागदावर मूळ मालकाचं किंवा बिल्डरचंच नाव असतं. रोजच्या जगण्यात याने काहीच अडत नाही, आणि म्हणूनच सोसायट्या वीस-वीस वर्षं तो विषय वार्षिक सभेत ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून ढकलतात. अडतं ते इमारत जुनी झाल्यावर. पुनर्विकास करायचा तर जमीन सोसायटीची हवी. तोवर मूळ मालक वारलेला, त्याची मुलं भांडत असलेली, बिल्डरची कंपनी बंद पडलेली. मला विचाराल तर पाण्याची टाकी, लिफ्ट, सीसीटीव्ही या सगळ्यांच्या आधी हा विषय घ्यावा.

1963 च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायद्याखाली, म्हणजे मोफाखाली, सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत हे करून देणं अपेक्षित आहे. बिल्डर टाळत असेल तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, हा मार्ग आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ते दोन्ही बाजू ऐकतात, आणि बिल्डरची सही नसतानाही जमीन सोसायटीच्या नावावर होऊ शकते.

सोसायटी आणि अपार्टमेंट यांत फरक काय? दोन्हीकडे मेंटेनन्स भरावाच लागतो.

सोसायटी 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली येते. जमीन आणि इमारत संस्थेची, तुम्ही भागधारक सभासद, एका सभासदाला एक मत. अपार्टमेंट 1970 च्या कायद्याखाली. तिथे डीड ऑफ अपार्टमेंट थेट तुमच्या नावाने होतं आणि जमिनीत तुमचा अविभाज्य हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. मताचं वजनही त्या हिश्शाप्रमाणे. मोठ्या फ्लॅटवाल्यांना अपार्टमेंट सोयीचं वाटतं, वन बीएचकेवाल्यांना सोसायटी. कारण उघड आहे.

सोसायटीच्या बिलातले सिंकिंग फंड, नॉन-ऑक्युपन्सी वगैरे काय असतं?

सिंकिंग फंड मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीसाठी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के. दुरुस्ती निधी वेगळा. घर भाड्याने दिलं तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त 10 टक्के. महापालिकेचे कर त्या हिशोबात धरायचे नाहीत. घर विकताना हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त 25,000 रुपये. ‘स्वेच्छेने देणगी’ म्हणून त्याहून मोठी रक्कम मागणाऱ्या कमिट्या असतात. स्वेच्छा म्हटल्यावर नाही म्हणता येतं.

नॉमिनी केला म्हणजे घर त्याचं झालं ना?

नाही. नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळणारा. मालकी वारसा हक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते.

सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड दोन्ही मागायचे का?

जिथे जे असेल ते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा एकत्र: सातमध्ये मालकी आणि हक्क, बारामध्ये पिकांची नोंद. शहराचा भूमापन झालेला भाग असेल तर तिथे मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि त्यावर सिटी सर्व्हे नंबर. ‘इतर हक्क’ या रकान्यात नजर घाला. बँकेचा बोजा, कूळ, न्यायालयीन दावा तिथे सापडतो. ‘भोगवटादार वर्ग 2’ असं लिहिलेलं दिसलं तर थांबा: अशी जमीन विकायला सरकारी परवानगी लागते. नवी मुंबईत सिडकोची घरं बव्हंशी 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत, तेव्हा तिथे हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी लागेल का, तेही विचारा.

गुंठा, ब्रास, एकर यांचा हिशोब सांगाल?

33 फूट बाय 33 फूट म्हणजे 1,089 चौरस फूट म्हणजे एक गुंठा. 40 गुंठ्यांचा एक एकर. ब्रास दोन प्रकारचा: क्षेत्रफळात 100 चौरस फूट, वाळू-खडीत 100 घनफूट.

पार्किंग विकत घ्यावं लागतं का?

उघड्यावरचं नाही. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात सांगितलं की स्टिल्टखालची आणि उघडी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र सदनिकेसारखी विकता येत नाही. नंतर रेराखाली भिंती आणि छत असलेलं गॅरेज आणि आच्छादित पार्किंग करारात दाखवून देता येतं. उघडी जागा सामाईकच राहिली. स्टिल्ट म्हणजे खांबांवर उचललेला तळमजला. पोडियम म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरचा मोठा स्लॅब, ज्यावर बाग दिसते. स्टॅक पार्किंगमध्ये एकावर एक गाड्या असतात. वरची गाडी काढायची तर आधी खालची हलवावी लागते, आणि खालची गाडी शेजाऱ्याची निघाली तर रोज सकाळी सलोख्याची परीक्षा. करारात पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची लिहून घ्या.

ब्रोशरमधल्या घराच्या शब्दांचं काय? ड्राय बाल्कनी, सनकन स्लॅब, डॅडो…

ड्राय बाल्कनी म्हणजे स्वयंपाकघराला लागून वॉशिंग मशीन आणि भांडी घासायची जागा. जुन्या घरातली मोरी नवीन कपडे घालून आलेली. डॅडो म्हणजे ओट्यामागे किंवा बाथरूममध्ये भिंतीवर चढवलेल्या टाइल्स. तो किती फुटांपर्यंत आहे ते विचारा. ‘लिंटेलपर्यंत’ म्हणजे दाराच्या वरच्या पट्टीपर्यंत, साधारण सात फूट. स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी. डक्ट म्हणजे पाइप जाणारी उभी पोकळी. तिथे माणूस उतरू शकत नसेल तर दुरुस्तीला पुढे तुमच्याच भिंती फुटतील.

सनकन स्लॅब मात्र नीट समजून घ्या. बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतात, त्या खोलगट भागातून पाइप नेतात आणि वर भराव घालून टाइल बसवतात. वॉटरप्रूफिंग कच्चं असेल तर पाणी त्या भरावात साठत राहतं आणि वर्षा-दोन वर्षांनी खालच्या घराच्या छताला ओल येते. मग भांडण सुरू: पैसे कोणी द्यायचे? आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीतून किंवा मुख्य पाइपातून होणारी गळती सोसायटीची, वरच्या घरातल्या संडास-बाथरूम किंवा सिंकमधून होणारी त्या सभासदाची.

आणखी एक, जो शब्द ब्रोशरमध्ये अभिमानाने येतो: अ‍ॅल्युमिनियम शटरिंगचं बांधकाम, बोलीभाषेत मायव्हान. यात विटा नसतात, भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. काम झपाट्याने होतं आणि फिनिशिंग सरळ येतं, पण या भिंती भार उचलतात. दोन खोल्या एक करू, खिडकी सरकवू, असले बेत असतील तर असं घर घेऊ नका. खिळा ठोकायलाही ड्रिल लागतो.

11 महिन्यांचा भाडेकरार नोंदवायची गरज नसते ना?

महाराष्ट्रात असते. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

ताबा घेतल्यावर दोष निघाला तर?

ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत, कारागिरीत किंवा दर्जात दोष निघाला तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या, फोटो आणि तारीख जोडा. वॉचमनला सांगितलेलं मोजत नाहीत. पण त्याआधी ताब्याच्या दिवशीच जमेल तेवढं तपासा. मोजायची टेप न्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घ्या. एक गोटी जमिनीवर सोडा. बाथरूममध्ये ती जाळीकडे गेली पाहिजे आणि हॉलमध्ये कुठेच नाही. प्रत्येक सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. आणि आदल्या दिवशी किल्ली मिळाली तर बाथरूमच्या जाळीत फडकं कोंबून दोन-तीन इंच पाणी रात्रभर साठवा, मग सकाळी खालच्या मजल्यावरची बेल वाजवून त्यांच्या बाथरूमचं छत बघा.